नावांची वही कोणाच्या हाती?



ह्या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, आणि आज मी संगणकाच्या पोटातील एका वहीची गोष्ट घेऊन उभा आहे. विषय ऐकून काही मंडळी दचकली असतील. पण ज्याला तलाठ्याचे दप्तर कळते, त्याला हा विषय खचित कळेल.

संगणक सुरू झाला की त्याच्या स्मृतीत एक मुख्य कारभारी येऊन बसतो. त्याला कर्नेल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. कोणत्या कामाला किती वेळ द्यावा, कोणाला किती जागा द्यावी, हे तोच ठरवतो. हा कारभारी माणसांनी लिहिलेला आहे, आणि माणूस लिहिताना प्रत्येक भागाला नाव देतो. लिनक्सच्या गाभ्यात कामांच्या पाळ्या लावणारा जो भाग आहे, त्याचे नाव ‘शेड्यूल’. परंतु चालत्या यंत्राला नावाशी कर्तव्य नसते. त्याचे सारे काम पत्त्यावर, म्हणजे स्मृतीतील जागेच्या क्रमांकावर, चालते. कोणते नाव कोणत्या पत्त्यावर आहे, हे सांगणारी यादी म्हणजे नामसूची, सिम्बॉल टेबल.

आता ही यादी हवी कशाला? समजा, यंत्र अडखळून बंद पडले आणि ‘५०४० ह्या जागी बिघाड झाला’ एवढेच सांगून गेले. दुरुस्ती करणाऱ्याने काय समजावे? तो वही उघडतो. तीत ‘शेड्यूल’ हा भाग ५००० पासून सुरू होतो आणि पुढचा भाग ५३०० पासून. म्हणजे बिघाड ‘शेड्यूल’मध्ये, आरंभापासून चाळीस घरे आत. रस्त्यावर आपण मैलाचा मागचा दगड पाहून ठिकाण सांगतो, तसेच हे.

ही वही पूर्वी कोठे असे, तेही पाहण्यासारखे आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ह्या प्रणालीचा पाया घातला. त्यांची एक कल्पना फार सुंदर होती. टंकयंत्र असो, तबकडी असो की खुद्द स्मृती असो, प्रत्येक उपकरण फाईलसारखे उघडावे आणि वाचावे. ‘डेव्ह’ नावाच्या कप्प्यात ही उपकरणे नावाने मांडलेली असत. कोणती कामे चालू आहेत हे दाखवणारी ‘पीएस’ नावाची आज्ञा त्या काळी काय करी? तबकडीवरील गाभ्याच्या फाईलमधून पत्ता काढी, आणि स्मृतीच्या उपकरणातून त्या पत्त्यावर काय आहे ते वाची.

ह्यात एक खोच होती. तबकडीवरची फाईल एक आणि प्रत्यक्ष चालू असलेला गाभा दुसराच, असे झाले तर? मग पत्ते चुकत आणि उत्तर भलतेच येई. घर बदललेल्या माणसाला जुन्या मतदारयादीवरून शोधावे, तसा हा प्रकार! शिवाय पुढे गाभ्याला चालता चालता नवे भाग जोडता येऊ लागले. त्यांची नावे जुन्या फाईलमध्ये कोठून असणार?

ह्यावर तोड निघाली ती अशी, की यादी चालत्या गाभ्यालाच विचारावी. सोलॅरिस, नेटबीएसडी, फ्रीबीएसडी ह्या युनिक्सच्या वंशातील प्रणालींत ‘डेव्ह’च्या कप्प्यात ‘केसिम्स’ नावाचे एक उपकरण असते. त्याला ना तार, ना चाक. ते उघडून वाचले की चालू गाभ्याची नामसूची हाती येते, नंतर जोडलेल्या भागांसह. एखादेच नाव देऊन त्याचा पत्ता विचारण्याचीही सोय नेटबीएसडीत आहे. लिनक्सने हेच काम ‘प्रॉक’ कप्प्यातील ‘कॉलसिम्स’ ह्या फाईलवर सोपवले. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच असल्यामुळे, आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशात ह्या घटकेला तो कारभारी काम करीत बसला आहे.

पण मंडळी, जी वही दुरुस्ती करणाऱ्याला वाट दाखवते, तीच चोरालाही दाखवते. गाभ्यात शिरू पाहणाऱ्याला अचूक पत्ते हवेच असतात. म्हणून २०११ पासून लिनक्समध्ये अशी सोय झाली, की सामान्य वापरकर्त्याने वही उघडली तर नावे दिसावीत, पण पत्त्यांच्या जागी नुसती शून्ये. २०१४ साली आणखी एक युक्ती आली: दर वेळी यंत्र सुरू होताना अख्खा गाभाच निराळ्या जागी नेऊन ठेवायचा. तरी उणीव राहिलीच. सगळे गाव सारख्याच अंतराने सरकले, तर एका घराचा पत्ता फुटताच बाकीची घरे वजाबाकीने सापडतात. म्हणून ओपनबीएसडीने २०१७ साली गाभ्याचे तुकडेच दर वेळी नव्या क्रमाने जोडण्याची रीत काढली.

कोणी म्हणेल, “मग ही वही जाळूनच का टाकू नये?” माझे उत्तर स्पष्ट आहे. पत्ता लपवल्याने चोराला उशीर होतो. पण भिंतीतले भगदाड बुजत नाही. ते बुजवायचे तर आधी नेमके कोठे आहे ते कळले पाहिजे, आणि ते कळायला वहीच लागते. वही नष्ट करणे म्हणजे चोराच्या भीतीने गवंड्यालाही दार बंद करणे होय.

तेव्हा मागणी अशी करावी: वही असावी, ती चालू कारभाराची खरी असावी, ती कोणी वाचावी ह्याला नियम असावा, आणि यंत्राच्या धन्याला मात्र ती हवी तेव्हा उघडता यावी. ज्या यंत्रावर आपण आपला पैसा, पत्रे आणि गुपिते सोपवतो, त्याचे दप्तर मालकालाच बंद असेल, तर मालक कोण, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. तो विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही; जागे नागरिकपण पुरते.