शिपायांना घातलेली साद

(ईस्टरपूर्व सप्ताहात कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मी देवळात जात नाही, चर्चमध्येही जात नाही. तरीही ईस्टर जवळ आला की एका धर्मगुरूची आठवण मला अस्वस्थ करते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या चिमुकल्या देशाच्या राजधानीचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची.

रोमेरो जन्मजात बंडखोर नव्हते, हे प्रथम सांगितले पाहिजे. फेब्रुवारी १९७७ मध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा जमीनदार संतुष्ट होते, आणि गरिबांत काम करणारे धर्मगुरू खिन्न. ग्रंथांत रमणारा, भिडस्त स्वभावाचा हा एकोणसाठ वर्षांचा गृहस्थ कुणाला काय उपद्रव देणार? पदग्रहणाला तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, १२ मार्चला, उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या खेडुतांत वावरणारे त्यांचे मित्र फादर रुतिलिओ ग्रांदे यांची वाटेत गोळ्या घालून हत्या झाली. बरोबरचा एक म्हातारा आणि एक मुलगाही मारला गेला. त्या रात्री रोमेरो ती तीन प्रेते पाहावयास गेले. पुढच्या रविवारी धर्मप्रांतातील अन्य सर्व मिस्सा रद्द करून त्यांनी राजधानीत एकच मिस्सा केली.

श्रद्धा त्यांच्यापाशी आधीही होतीच. ती आता माणसांची नावे घेऊ लागली. आठवड्यात मारल्या गेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावे ते रविवारच्या प्रवचनात वाचीत, आणि रेडिओवरून देश ती ऐकत असे. (आपल्या ठरावांत आकडे असतात, नावे क्वचितच, हे जाता जाता.) फेब्रुवारी १९८० मध्ये त्या रेडिओ केंद्रावर बॉम्बस्फोट झाला.

मला छळणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. २३ मार्च १९८० च्या प्रवचनात रोमेरो थेट शिपायांशी बोलले. तुम्ही आमच्यातलेच आहात, आपल्याच शेतकरी भावंडांना मारीत आहात; ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध दिलेला हुकूम पाळण्यास कोणीही शिपाई बांधलेला नाही, असा त्याचा आशय. आपल्या विश्लेषणात शिपाई म्हणजे राज्ययंत्राचा एक खिळा. रोमेरोंनी त्याला माणूस म्हणून हाक मारली. ईश्वरावर विश्वास ठेवणे त्या मानाने सोपे असावे. बंदूक रोखून उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पोरात चांगुलपणा शिल्लक आहे असे धरून चालणे मला आजही जमत नाही.

दुसऱ्याच दिवशी, ज्या कर्करोग रुग्णालयाच्या आवारात ते राहत, तेथील प्रार्थनामंदिरात मिस्सा चालू असताना एका गोळीने त्यांचा प्राण घेतला. ३० मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, अंत्यविधीला लोटलेल्या जनसागरात स्फोट आणि गोळीबार झाला. अनेक माणसे मेली. यादवी युद्ध १९९२ पर्यंत चालले. सुमारे ७५,००० बळी गेले. माजी मेजर रोबेर्तो दाउबुइसोन याने हत्येचा हुकूम दिला, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये काढला. २०१८ साली पोपनी रोमेरोंना संत घोषित केले, ते ठीकच.

मग तो विश्वास भाबडा होता काय? मी पूर्वी होय म्हणालो असतो. आता वाटते, गोळी झाडण्याऐवजी हात आखडता घेणाऱ्या शिपायाची नोंद कुठल्या दप्तरात होणार? आणि शिपाई ऐकणारच नाहीत अशी खात्री असती, तर एका म्हाताऱ्या धर्मगुरूचे बोलणे बंद पाडण्यासाठी रेडिओ केंद्र उडवण्याचे कारण काय होते?