वळीव आधी की आगोट?

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

भिवंडीत राहून बायबल वाचणाऱ्याला डोंगरावरच्या प्रवचनातला एक दाखला हमखास अडवतो. वस्त्राची चिंता करू नका, असे सांगताना येशू रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो. ती फुले राबत नाहीत, सूत कातत नाहीत, तरीही शलमोन राजाचा पोशाख त्यांच्यापुढे फिका पडतो, असा त्या बोलण्याचा आशय. आता ज्या गावाचे पोटच सुतावर चालते, जिथे रात्री दोन वाजताही यंत्रमागाची खटखट ऐकू येते, वीज गेली आणि ती थांबली की झोपलेली माणसे दचकून जागी होतात, तिथे हे वाक्य सहज गिळता येत नाही. कांडी भरणाऱ्या मुलाला कोणी सांगितले, की बाबा रे, ती फुले बघ, तर तो काय म्हणेल?

मी वनस्पतिशास्त्राचा शिक्षक. धर्माने ख्रिस्ती नाही. पण आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर वसईकडच्या एक मावशी राहतात. मोतीबिंदूमुळे त्यांचे वाचन सुटले, तेव्हा रविवारी दुपारी तासभर त्यांना बायबल वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. वाचता वाचता माझ्यातला शिक्षक जागा होई आणि मावशींमधली शेतकरीण जागी होई. आमचे वाचन एका पानावरून पुढे सरकत नसे ते त्यामुळे.

ती रानातली फुले कोणती, हा पहिला प्रश्न. मराठी भाषांतरात त्यांना ‘भूकमळे’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘क्रिनोन’. गालीलच्या टेकड्या हिवाळ्यातल्या पावसानंतर लालभडक ॲनिमोनींनी भरून जातात. पुष्कळ अभ्यासकांचा कौल त्या फुलाला आहे. पण याच ‘क्रिनोन’ शब्दावरून वनस्पतिशास्त्राने एका प्रजातीला ‘क्रायनम’ हे नाव दिले आणि त्यातला आपला गडांबीकांदा पहिल्या पावसाबरोबर माळावर पांढरा फुलतो. मावशींना गडांबीकांदा म्हटल्यावर लगेच कळले. ॲनिमोनी त्यांनी कानाआड केली. त्याच दाखल्यात पुढे, आज आहे आणि उद्या भट्टीत पडणार, अशा गवताचा उल्लेख येतो. तिकडे पाऊस संपला की मे महिन्यापर्यंत सारे रान वाळते आणि ते गवत भाकरीच्या भट्टीला सरपण होते. इकडे भाताच्या रोपवाटिकेवर गवत, पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. मावशी म्हणाल्या, “सर, आमचं गवत तर पेरणीच्या कामाला जळतं. फुकट नाही जात.” मला हे भाष्य कुठल्याही टीकाग्रंथात सापडले नव्हते.

विणकामाच्या गावाला बायबलमध्ये आणखीही ओळखीच्या खुणा भेटतात. ईयोब आपले दिवस कोष्ट्याच्या धोट्याहून वेगाने गेले म्हणतो. त्या काळचा धोटा हातातून हातात जाई. दोरीने मारायचा उडता धोटा इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये काढला. साध्या यंत्रमागावर हाच धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो. ईयोबाची तक्रार भिवंडीत जास्त खरी आहे. उलट कसरीचा दाखला इथे तितकासा लागू पडत नाही. पृथ्वीवर धन साठवू नका, तिथे कसर ते खाते, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. कापड खाणाऱ्या पतंगाची अळी लोकर, केस, पिसे यांतले केराटिन पचवते. पॅलेस्टाइनमध्ये अंगावरची वस्त्रे बहुतेक लोकरीची, म्हणून तिथे संपत्ती आणि कसर यांची जोडी. सुती किंवा पॉलिएस्टर कापडाच्या गाठींना ती अळी सहसा शिवत नाही. आमच्या व्यापाऱ्यांना धास्ती असते ती उंदरांची, ओलीची आणि आगीची.

पण आमची गाडी खरी अडकली ती पावसावर. अनुवादाच्या पुस्तकात, देव शेतकऱ्याला वेळच्या वेळी आगोटीचा आणि वळवाचा पाऊस देईल, असे वचन आहे. मावशींनी मला थांबवले. “वळीव आधी की आगोट?” कोकणातल्या कोणालाही विचारा. वळीव एप्रिल-मे मधला, विजा, वारा, कधी गारा घेऊन येणारा. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. तेव्हा घर शाकारायचे, लाकडे आत घ्यायची, सुकी मासळी भरून ठेवायची. आधी वळीव, मग आगोट. पुस्तकात क्रम उलटा कसा?

याचे उत्तर नकाशात आहे. पॅलेस्टाइनचा पाऊस हिवाळ्यातला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिल्या सरी येतात, भाजून कडक झालेली जमीन मऊ होते आणि मग नांगर चालतो, गहू-जव पेरले जातात. त्या पहिल्या पावसाला हिब्रूत ‘योरे’ म्हणतात. शेवटचा ‘मालकोश’, मार्च-एप्रिलचा. त्यावर दाणा भरतो. भाषांतरकारांनी पेरणीच्या पावसाला आगोट म्हटले, हे कामाच्या दृष्टीने बरोबर. वसंतातल्या पावसाला वळीव म्हटले, हे महिन्याच्या दृष्टीने बरोबर. दोन्ही शब्द आपापल्या जागी अचूक आहेत आणि एकत्र ठेवले की कोकणातला शेतकरी गोंधळतो! मला हे भाषांतराचे अपयश वाटत नाही. दोन देशांचे आभाळ एका वाक्यात बसवायचे तर कुठेतरी शिवण दिसणारच.

एकदा हे वर्ष उलटे मांडता आले, की पुष्कळ जागा उलगडतात. गीतरत्नात प्रियकर प्रियेला म्हणतो, की हिवाळा सरला, पाऊस संपला, फुले दिसू लागली, होल्याचा आवाज ऐकू येतो. आपल्याकडे हिवाळा आणि पाऊस एका दमात सरत नाहीत. शमुवेल गव्हाच्या कापणीच्या वेळी पाऊस मागतो, आणि लोक भयाने थरथरतात. का? तर तिथे मे-जूनमध्ये पाऊस पडतच नाही. आपल्या शेतकऱ्यालाही गव्हाच्या काढणीतला अवकाळी पाऊस थरथरवतो. फक्त त्याला तो चमत्कार वाटत नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही किनारे सारखे निघाले. लूकच्या शुभवर्तमानात येशू लोकांना विचारतो, की पश्चिमेला ढग दिसला की तुम्ही लगेच पाऊस येणार म्हणता, मग या काळाची चिन्हे तुम्हाला का ओळखता येत नाहीत? त्यांच्या पश्चिमेला भूमध्य समुद्र, आपल्या पश्चिमेला अरबी. एलीयाचा नोकर कर्मेल डोंगरावरून सात वेळा समुद्राकडे बघून येतो आणि सातव्या वेळी त्याला तळहाताएवढा ढग दिसतो. वसई आणि भिवंडी यांच्या मधल्या तुंगारेश्वरच्या डोंगरावर जूनच्या पहिल्या आठवड्यात उभे राहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मावशींचे वडील तशाच ढगाकडे बघून पेरा करत.

ही जमीन आता त्यांच्याकडे नाही. भिवंडीच्या आसपासची कितीतरी भातशेती भराव घालून गोदामांखाली गेली, त्यात तीही गेली. मावशींचा नातू इंग्रजी शाळेत शिकतो. आम्ही वाचत असताना तो एकदा मध्येच म्हणाला, “आजी, आगोट म्हणजे काय गं?” त्याला हिब्रू ‘योरे’ जितका परका, तितकीच आगोट परकी. तेव्हापासून आमच्या वाचनाचा हेतू थोडा बदलला. भाषांतरकाराने कधीतरी लांबचा देश ओळखीचा व्हावा म्हणून घरातला शब्द वापरला. आता घरातला शब्दही समजावून सांगायचा, तर नातवाला दाखवायचे काय? मावशींनी त्याला आगोट तोंडी समजावून पाहिली. मग म्हणाल्या, “सर, याला एकदा शेतात न्या.”

नेले. वाड्याच्या रस्त्याला ओळखीच्या एका शेतात, भाताची बेणणी चालली होती तेव्हा. निमित्त होते निदणाच्या दाखल्याचे. एका माणसाच्या गव्हात वैरी रात्री निदण पेरून जातो. चाकर उपटायला निघतात, तर धनी म्हणतो, थांबा, नाहीतर गहूही उपटला जाईल, कापणीला बघू. हे निदण म्हणजे ‘डार्नेल’ नावाचे गवत, असे मानतात. ओंबी येईपर्यंत ते गव्हासारखेच दिसते. त्याच्या दाण्यात एक बुरशी वाढते आणि तिच्या विषाने खाणाऱ्याला भोवळ येते, दारू प्यायल्यासारखे होते. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘झिंगलेले’. आमच्याकडे गव्हाऐवजी भात आणि निदणाऐवजी रानभात. बेणणाऱ्या बाईने मुलाला दोन रोपे हातात दिली आणि विचारले, यातले भात कुठले? त्याला सांगता येईना. मलाही वेळ लागला. ती बाई हसली.

या साम्यामागे विज्ञानाचा एक सुंदर नियम आहे. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव्ह यांचे नाव त्याला जोडलेले आहे. शेतकरी वेगळे दिसणारे तण उपटतो; पिकासारखे दिसणारे वाचते, त्याचेच बी पडते. अशी शेकडो वर्षे गेली की तण पिकाचे रूप घेते. म्हणजे दाखल्यातल्या वैऱ्याची गरज नाही. निंदणाऱ्या हातांनीच निदणाला गव्हासारखे केले. हे मी त्या मुलाला सांगितले. हा दाखल्याचा अर्थ नव्हे, हेही सांगितले. दाखला न्यायाविषयी आहे, तणाविषयी नाही. धर्मग्रंथात आधुनिक विज्ञान आधीच होते, असे सांगणारी पुस्तके सर्व धर्मांत निघतात आणि मला ती दोन्हींचा अपमान करणारी वाटतात. माणसे ज्या रानात राहिली, त्या रानाच्या भाषेत बोलली, इतकेच माझे म्हणणे.

उंबराचे उदाहरण घ्या. यरीहो गावात बुटका जक्कय गर्दीतून येशू दिसावा म्हणून उंबरावर चढतो. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे थेट औदुंबर येतो, पार येतो, दत्तगुरू येतात. ते झाड आपल्या उंबराचे सख्खे भावंड. दोन्हींची फळे जाड फांद्यांवर घोसांनी लगडतात, दोन्हींचे परागीकरण फळात शिरणारी बारीक गांधीलमाशीच करते. आपण उंबर फोडले की केंबरे बाहेर येतात ती हीच मंडळी. गंमत अशी, की इस्रायल आणि इजिप्तमध्ये झाड पोचले, पण त्याची नेमकी माशी पोचली नाही. तिथे फळ आपोआप नीट पिकत नाही. मग शेतकरी प्रत्येक कच्च्या फळाला चाकूने चीर देतात. जखमेतून इथिलीन वायू सुटतो आणि तीन-चार दिवसांत फळ पिकते. इजिप्तच्या थडग्यांत अशी चिरलेली उंबरे सापडली आहेत. आमोस संदेष्टा स्वतःला मेंढपाळ आणि उंबरांची मशागत करणारा म्हणवतो. ती मशागत म्हणजे झाडावर चढून हजारो फळांना चीर देणे, असा अनेकांचा तर्क आहे. श्रीमंतांना खडे बोल सुनावणारा हा माणूस हातात चाकू घेऊन फांदीवर बसलेला दिसू लागला, की त्याचे बोलणे वेगळे ऐकू येते.

मराठीत हे सारे आणणाऱ्यांनाही झाडापाखरांची ओढ होती. १६१६ मध्ये छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी मराठीची थोरवी सांगताना मोगरा आणि मोर यांचे दाखले दिले. रेव्हरंड टिळक तर फुलामुलांचे कवी. ‘सुबोध बायबल’ लिहिणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईची हिरवाई राखण्यासाठी चळवळ केली. २०२४ मध्ये ते गेले तेव्हा मावशी दिवसभर गप्प होत्या.

आणि विल्यम कॅरी. त्यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. हे कॅरी पक्के वनस्पतिवेडे. १८२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात शेती आणि बागायतीची संस्था काढली. त्यांचे मित्र रॉक्सबर्ग यांनी एका झाडाला त्यांचे नाव दिले, ‘कॅरिया’. आपल्याकडे त्याला कुंभा म्हणतात. बेणणी बघून परतताना रस्त्याच्या कडेला एक कुंभा उभा होता. फुलांचे दिवस नव्हते. मुलाने एक जून पान तोडून आजीसाठी घेतले. मावशींनी ते बोटांनी चाचपले, कातरलेली कड तपासली आणि म्हणाल्या, “कुंभा. वडिलांच्या बांधावर होता.” मग ते पान त्यांनी अनुवादाच्या पुस्तकात, जिथे आम्ही थांबलो होतो तिथे, खुणेला ठेवले.