शपथ सुटली म्हण



 या संमेलनाची अध्यक्ष म्हणून मला सुरुवातीलाच एका मुलीबद्दल बोलायचं आहे.

बरीच वर्षं झाली. नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येईना, परतही जाईना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. शेवटी म्हणाली, “बाई, आईची शपथ मोडली तर आईला खरंच काही होतं का?”

मी तिला बसवलं, पाणी दिलं. शपथ कुणी घातली, असं विचारलं तर मान खाली. मग मी तिला विचारलं, “लहानपणी खेळताना घातलेली शपथ तुम्ही सोडवायचात कशी?” ती म्हणाली, “समोरच्याला ‘सुटली म्हण’ म्हणायचं. तो ‘सुटली’ म्हणाला की सुटते.” मी म्हटलं, “मग ज्यानं कुणी ही शपथ घातली असेल, त्याच्या वतीनं आज मी म्हणते. सुटली.” ती हमसून रडायला लागली आणि तिनं दप्तरातून मैत्रिणीची गणिताची वही काढली. शेवटच्या पानावर, उदाहरणांच्या आकडेमोडीखाली, पेन्सिलीनं चार ओळी होत्या. निरोपाच्या.

पुढचं सगळं त्याच दुपारी झालं. त्या मैत्रिणीला आम्ही एक क्षणही एकटं सोडलं नाही, पालकांना बोलावलं, संध्याकाळी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. ती आज आहे. बाकीची गोष्ट तिची आहे, ती मी सांगणार नाही.

मित्रहो, इतकी वर्षं समुपदेशनाच्या कामात काढल्यावर माझी एक खात्री झाली आहे. मूल मनातलं सर्वांत वाईट सांगतं ते बहुतेकदा आपल्याला सांगत नाही. आईला नाही, बाईंना नाही, डॉक्टरांना तर नाहीच. ते बाकावर शेजारी बसणाऱ्याला सांगतं, आणि सांगताना शपथ घालतं. म्हणजे आपल्याला ज्याची खबर हवी असते ती आधीच वर्गात पोचलेली असते, एका चौदा वर्षांच्या पोराच्या छातीवर दगड होऊन बसलेली असते. समवयस्कांचं समुपदेशन हे जड नाव ज्याला आपण देतो, ते माझ्या लेखी एवढंच आहे: शपथ सोडवायची कशी हे मुलांना शिकवायचं, आणि सुटलेली शपथ झेलायला एक मोठं माणूस तिथं उभं ठेवायचं.

आकडे आपल्याला ठाऊक आहेत, तरी या व्यासपीठावरून ते उच्चारले गेले पाहिजेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात आत्महत्येनं गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या 13,044 आहे. त्यात सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रातले, 1,764. दर निकालाच्या दिवशी आपण परीक्षेला दोष देतो आणि तो काही अंशी खराही आहे. पण त्याच अहवालात परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदलेले मृत्यू सर्व वयोगटांत मिळून दोन हजारांच्या थोडे वर आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पहिल्या क्रमांकावर घरातले प्रश्न येतात. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण मावतं, माणसाच्या मनात अनेक असतात, हे खरं आहे. तरीही यातून एक गोष्ट दिसते. जे मूल घरामुळे कोंडलं गेलं आहे, ते घरात बोलणार कसं? त्याला घराबाहेरचा कान लागतो.

हा कान सामान्य माणसाचाही असू शकतो, हे जगाला कळलं त्याची हकीकत मला फार मोलाची वाटते. 1935 साली इंग्लंडमध्ये चॅड वराह नावाच्या तरुण धर्मोपदेशकानं एका किशोरवयीन मुलीचा अंत्यविधी केला. तिला पाळी सुरू झाली होती. हे काय आहे हे तिला सांगणारं कुणी नव्हतं, तिनं तो भयंकर आजार समजला आणि जीव दिला. विचारायला कुणी असतं तर ती वाचली असती, ही बोच त्यांच्या मनात राहिली. 1953 साली लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी दूरध्वनी ठेवला आणि हताश माणसांना बोलावलं. रीघ लागली. ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी काही स्वयंसेवक बसवले. थोड्याच दिवसांत वराह यांच्या लक्षात आलं की बरीच माणसं चहा देणाऱ्यांशीच बोलून, हलकी होऊन परत जात आहेत, आपल्यापर्यंत येतच नाहीत. त्यांनी काम स्वयंसेवकांच्या हाती दिलं. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

आपल्याकडेही हे शहाणपण होतं. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून व्यसनातून बाहेर आलेले मित्रच तिथं नव्यानं आलेल्यांचा हात धरत आले. ज्यानं ती रात्र काढली आहे त्याच्या शब्दाला वजन असतं. शाळेत हाच विचार आणायला आपल्याला इतका उशीर का झाला, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता माझी एक चूक. ती सांगितल्याशिवाय मला पुढं बोलता येणार नाही. सुरुवातीच्या एका वर्षी मी उत्साहाच्या भरात दहावीतल्या सहा मुलांच्या छातीवर ‘विद्यार्थी समुपदेशक’ असे बिल्ले लावले. दोन दिवसांचं शिबिर घेतलं, फोटो काढले. दिवाळीनंतर त्यातल्या एकाची आई भेटायला आली. “बाई, हा रात्री झोपत नाही. दोन-दोन वाजता उठून फोन बघतो.” त्याच्या एका वर्गमित्रानं त्याला जीव नकोसा झाल्याचं सांगितलं होतं, आणि हा पोरगा तीन आठवडे दर रात्री तो मित्र ‘ऑनलाइन’ दिसतो का ते बघून मगच डोळे मिटायचा. त्याला वाटत होतं, समुपदेशक मी आहे, म्हणजे जबाबदारी माझी. दोघांनाही आम्ही सावरलं. पण बिल्ले मी त्या दिवशी गोळा केले ते कायमचे.

म्हणून माझा आग्रह आहे की मुलाला समुपदेशक म्हणू नका. 2014 मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्या अशा मुला-मुलींना ‘साथिया’ म्हणतात. सोबती म्हणा, मैतर म्हणा. त्याचं काम तीन गोष्टींचं: ऐकणं, विचारणं आणि पोचवणं. बरं करणं त्याचं काम नाही. त्याला पंधरवड्यातून एकदा बसायला जागा द्या, तिथं त्याचं मनही कुणीतरी ऐकावं. आणि ‘मला आता हे नको’ असं तो म्हणाला तर त्याला सन्मानानं मोकळं करा.

निवडीबद्दल बोलते, कारण तिथंच बहुतेक शाळा चुकतात. आपण वर्गप्रतिनिधी घेतो, वक्तृत्वात बक्षीस मिळवणारे घेतो. मी आता प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते. स्वतःचं नाव घालायचं नाही, फक्त लिहायचं: तुला फार वाईट वाटलं तर या वर्गात कुणाकडे जाशील? एका वर्षी अकरा चिठ्ठ्यांवर एकाच मुलाचं नाव आलं. तो एकदा नापास होऊन त्याच वर्गात बसलेला, शिक्षकांच्या खोलीत ज्याचं नाव निघालं की सुस्कारे सुटायचे. अकरा मुलांना ठाऊक होतं की हा हसणार नाही आणि गावभर करणार नाही. मी त्याला घेतलं. माझ्या हाताखालून गेलेल्या सोबत्यांत त्याच्याइतकं शांतपणे ऐकणारं दुसरं कुणी मला आठवत नाही.

प्रशिक्षणात सर्वांत कठीण काय जातं ते ऐका. जोड्या करून बसवायचं. एकानं म्हणायचं, “मला आता जगावंसंच वाटत नाही.” दुसऱ्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, “वेडी आहेस का?” दुसरं, “आईबाबांचा विचार कर.” तिसरं, “होईल गं सगळं ठीक.” ही वाक्यं त्यांनी आपल्याकडूनच उचलली आहेत. ती विसरायला दोन महिने लागतात. मग एक मिनिट गप्प बसून ऐकायचा सराव. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरताना मुलं कासावीस होतात, पेन उघडतात, मिटतात. आणि त्यानंतर तो प्रश्न, जो विचारताना मोठ्यांचीही जीभ अडखळते: “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार असल्याचं अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. उलट ज्याला विचारलं जातं त्याला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं वाक्य पाठच करून घ्यायचं: “मी तुला एकटं सोडणार नाही, पण हे मी एकटा सांभाळणार नाही. चल, बाईंकडे जाऊ.” आणि तो येत नसेल तर आपण जायचं. मैत्री तुटली तरी चालेल. तुटलेली मैत्री जुळते.

याला अभ्यासाचा आधार आहे. युरोपातल्या दहा देशांत, 168 शाळांतल्या अकरा हजारांवर मुलांवर झालेला अभ्यास 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्या शाळांत मुलांनी आपसांत नाट्यप्रसंग करून, चर्चा करून हे विषय हाताळले, तिथं वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या शाळांपेक्षा जवळपास निम्मे होते. तीन महिन्यांनी मात्र फरक दिसला नव्हता. ‘कार्यक्रम घेतला, निकाल काय?’ असं महिन्याभरात विचारणाऱ्या संस्थाचालकांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्या शेजारच्या गोव्यात 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेचं कामही आपल्याला आरसा दाखवणारं आहे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 शाळांत त्यांनी ‘सेहेर’ हा प्रयोग केला. काही शाळांत थोडं प्रशिक्षण दिलेली साधी माणसं ‘सेहेर मित्र’ म्हणून नेमली, काहींत तेच काम शाळेतल्या शिक्षकाकडे दिलं. मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत असा परिणाम आढळला नाही. शिक्षक बंधू-भगिनींनो, यात तुमच्या तळमळीवर ठपका नाही. गुण देणारा, शिक्षा करणारा, पालकसभेत तक्रार सांगणारा आणि मन मोकळं करायचं ठिकाण, हे सगळं एकाच खुर्चीत बसवलं तर मूल त्या खुर्चीपाशी येत नाही, इतकंच.

याचा अर्थ मोठ्यांनी बाजूला व्हावं असा कुणी घेऊ नये. पैसे वाचतात म्हणून मुलांवर काम ढकलणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि मी त्यांना स्पष्ट विरोध करते. ज्या शाळेत झेलणारं मोठं माणूस नाही, तिथं सोबती नेमणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी पक्कं नातं जोडायचं आहे. हा निर्देश शिकवणी वर्गांनाही लागू आहे. शिकवणीसाठी लातूरच्या खोल्यांतून राहणाऱ्या, आश्रमशाळांतून वाढणाऱ्या, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर वसतिगृहात मागं राहिलेल्या मुलांपर्यंत तो पोचतो की नाही, हे बघणं आपलं काम आहे.

आणि भाषा. कृपा करून ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतून हद्दपार करा. ती लक्ष मागत असेल तर द्या. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या मुलाला गुन्हेगार मानण्याचे दिवस कायद्यानंही मागं टाकले आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली आहे असं मानून तिची काळजी घेणं शासनाचं कर्तव्य ठरवलं. पोलिसांच्या भीतीनं घटना दडपणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे वाचावं.

यंदा पहिल्यांदाच प्रतिनिधी म्हणून आलेल्या, मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुम्ही आज इथं आलात याचा मला फार आनंद आहे. तुमच्यापैकी कुणाच्या मनावर एखादी शपथ असेल, तर ती मी या व्यासपीठावरून सोडवते आहे. सुटली. चहाच्या सुट्टीत या, मी इथंच आहे. आणि मी नसेन तेव्हा 14416 हा ‘टेलिमानस’ या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. रात्री-अपरात्रीही उचलतात, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

मोठ्यांसाठी एक काम. सभागृहाच्या दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना आपल्या शाळेचं नाव लिहा आणि त्यापुढं एका माणसाचं नाव लिहा, ज्याच्याकडे तुमच्या शाळेतलं मूल शपथ मोडून येऊ शकेल. नाव सुचलं नाही तर रकाना कोरा ठेवा. कोरे रकाने असलेल्या शाळांना मी जूनच्या आत स्वतः भेट देणार आहे.