गेटवरची वही

(सोलापुरात नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते एसटीत वाहक आहेत.)



मला 'परगावी शिकणारी मुलं आणि पालक' असा विषय दिलाय. मी काही वक्ता नाही. २७ वर्षं एसटीत वाहक आहे, त्यामुळे आवाज तेवढा मोठा आहे. घरातला पहिला पदवीधर मी, तोही नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा. मुक्कामी गाडीत, मागच्या लांब सीटवर झोपून पुस्तकं वाचली. तुमच्यातले निम्मे जण आपापल्या घरातले पहिलेच असणार. म्हणून उपदेश करत नाही. गेल्या पाडव्याला मी लेकीला भेटायला बेंगळुरूला गेलो होतो, चार दिवस. त्या चार दिवसांतली एक गोष्ट सांगतो, आणि त्यात माझी चूक आहे ती पण सांगतो.

लेक कोरमंगलात राहते, एमएसडब्ल्यू करते. सेमिस्टर संपून उगादीला जोडून सुट्टी होती, पण प्रोजेक्टमुळे तिला घरी येता येईना. बायको म्हणाली, ती येत नाही तर तुम्ही जा. तीन दिवस आधीपासून पिशवी भरायला घेतली. शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि एका स्टीलच्या डब्यात सुकटाची चटणी. डब्याला बाहेरून दोन प्लास्टिकच्या पिशव्या, वर दोरी. तरी वास यायचा तो आलाच. उद्यान एक्सप्रेसमध्ये समोरचा माणूस कलबुर्गी येईपर्यंत नाकाला रुमाल लावून बसला होता.

पैशाचं आधी सांगून टाकतो, कारण ते तुम्ही विचारणारच. पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वाहकाचा पगार ती मर्यादा ओलांडतो आणि तिथेच संपतो. २०२१-२२ च्या संपात पाच महिने पगार नव्हता तेव्हाचं सोसायटीचं कर्ज अजून फिटतंय. पीजीचं भाडं, वर डिपॉझिट, वर कॉलेजची फी. असो. ज्यांना शिष्यवृत्ती मिळते त्यांनी अर्ज वेळेत भरा आणि पावती जपून ठेवा, एवढंच या बाबतीत सांगण्यासारखं आहे.

गाडीत मला सारखी मसूरची आठवण येत होती. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय ते तुम्ही वाचलं असेल, नसेल तर वाचा. १९०१ साल. पोरं साताऱ्यात, आणि वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल. वडिलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत भेटायला बोलावलं. भाऊ आणि घरातल्या पोरांबरोबर भीमराव नवे कपडे घालून आगगाडीत बसले, मसूरला उतरले. घ्यायला कुणीच नाही. पत्र शिपायाच्या हातात पडलं होतं, ते त्यानं वडिलांना दिलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी पोरांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायचं होतं, तर गाडीवानानं शिकवलं, मुसलमान आहोत म्हणून सांगा. भीमरावांनी उर्दूत बोलून तसं सांगितलं. तरी पाणी मिळालं नाहीच.

सुट्टीत बापाला भेटायला निघालेलं पोर ते. मी निघालो होतो सुट्टीत पोरीला भेटायला. सव्वाशे वर्षांनी. मला भाडं दुप्पट पडलं नाही, बाटलीतलं पाणी होतं, मोबाईलवर लेकीचे दर दोन तासांनी मेसेज. मनात म्हटलं, केवढं अंतर कापलं आपण. मी वाहक, मला तर याचं फारच कौतुक. एसटीच्या तिकिटावर नाव नसतं बघा. कुठून कुठे आणि किती पैसे. मी आयुष्यभर लाखो तिकिटं फाडली, एकालाही 'तू कोण' म्हणून विचारावं लागलं नाही.

सकाळी स्टेशनवर लेक आली होती. मॅजेस्टिकवरून सिटी बस धरली. तिथे २०२३ पासून बायकांना प्रवास फुकट आहे, शून्य रुपयाचं तिकीट देतात. मी आपला हौसेनं बघत होतो. वाहक बाईनं लेकीकडे आधार मागितलं. त्यावर पत्ता सोलापूरचा. ती सवलत कर्नाटकच्या बायकांना, मग लेकीला पूर्ण तिकीट. 'इकडे पूर्ण, आपल्याकडे अर्धं,' लेक हसून म्हणाली. मला उगीच वाटलं, तिकिटाला सुद्धा आता कागद दाखवावा लागतोय.

कोरमंगला तुम्ही ऐकून असाल. फ्लिपकार्ट २००७ मध्ये याच भागात सुरू झाली. रुंद रस्ते, झाडं, कॉफीची दुकानं, आणि गल्लीगल्लीत पीजीचे बोर्ड. लेकीच्या पीजीला निळं गेट, गेटला लागून वॉचमनची खोली, खोलीबाहेर टेबल आणि टेबलावर वही. पाहुण्यानं नाव लिहायचं, कुणाकडे आला ते लिहायचं, नातं, फोन, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पुरुषाला बैठकीच्या खोलीपुढे प्रवेश नाही. ते ठीक आहे.

मी पेन हातात घेतलं आणि 'कुणाकडे' या रकान्यात लेकीचं नाव लिहायला लागलो. तर ती पटकन म्हणाली, 'पप्पा, नुसतं नाव आणि पुढे एक अक्षर.' मी वर बघितलं. भिंतीवर खोल्यांची यादी लावलेली. त्यात तिचं नाव आणि पुढे माझ्या नावाचं पहिलं अक्षर. आडनाव नाही.

आपलं आडनाव काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मराठी माणसाला ते ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

मी काय केलं? चौदा एप्रिलला दरवर्षी आमच्या डेपोत मी भाषण करतो. नाव लपवू नका, मान वर करून सांगा, हे माझं ठरलेलं वाक्य. आणि त्या वहीत मी माझं नाव लिहिलं, पुढे एक अक्षर टाकलं, आणि पेन ठेवून दिलं. लेकीची पंचाईत नको एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

वॉचमन पन्नाशीचा, काळासावळा, मिशा पांढऱ्या. वही आपल्याकडे फिरवून वाचली आणि मराठीत म्हणाला, 'सोलापूरचे का?' मी म्हटलं, हो. तो आळंदचा निघाला. आळंद म्हणजे माझ्या फेरीचं गाव! अक्कलकोट-आळंद मी सहा वर्षं केलंय, माझं मोडकंतोडकं कानडी तिथलंच. एरवी मी त्याच्या गळ्यात पडलो असतो. पण त्यानं पुढचा प्रश्न टाकला, 'सोलापुरात कुठं?'

हा प्रश्न आपल्याला कळतो. गाव विचारून झालं की गल्ली विचारतात, आणि गल्लीवरून सगळं कळतं. बुधवार पेठ म्हटलं की संपलं. मी म्हटलं, 'स्टेशनजवळ.' तो 'बरं' म्हणाला आणि वही बंद केली. मी मडिवाळ्याच्या लॉजवर गेलो.

दुसऱ्या दिवशी उगादी. मालकीणबाईंनी सगळ्यांना कडुलिंब आणि गूळ दिला, मलाही दिला. बाई चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. फक्त दारावर शुद्ध शाकाहारी अशी पाटी आहे, आणि प्रवेशाच्या वेळी लेकीनं 'आम्ही खात नाही' असं सांगितलेलं. सुकटाचा डबा माझ्या पिशवीत तसाच. ती म्हणाली, पप्पा, तो बाहेर काढू नका.

गंमत बघा. उगादीच्या दुसऱ्या दिवशी त्या शहरात 'होसतोडकु' असतो. सणाचं गोड झालं की दुसऱ्या दिवशी मटण. सकाळी सहापासून मटणाच्या दुकानांपुढे रांगा, माणसं पिशव्या घेऊन उभी. सगळं शहर खातंय, आणि आम्ही बापलेक सुकटाचा डबा लपवून बागेतलं बाक शोधतोय. बाक मिळालं. कडक भाकरी मोडली, वर चटणी. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटाचं, असं ती म्हणाली.

मग मी विषय काढला. नाव का लपवलंस?

ती रागावली नाही. म्हणाली, 'पहिल्या दिवशी ऑफिसात विचारलं, इनिशियल काय? इकडे पुष्कळांचं तसंच असतं, बापाच्या नावाचं अक्षर. मी सांगितलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की पुढचं कुणी विचारतच नाही. बरं वाटलं, पप्पा. फार बरं वाटलं. म्हणून तसंच ठेवलं.'

मी म्हटलं, यात काय वाईट आहे ते तुला कळतं का. ती म्हणाली, 'मी सेमिनारमध्ये हेच मांडलं. १९२९ ला चेंगलपट्टूला पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद झाली, तिथे नावापुढची जातीची उपाधी टाकायचं ठरलं. ज्यांना त्या उपाधीचा मान मिळत होता त्यांनी ती टाकणं वेगळं आणि मी भिऊन आडनाव गाळणं वेगळं.' मी विचारलं, हे आडनाव सांगून मांडलंस? 'नाही,' ती म्हणाली. आम्ही दोघंही हसलो. दुसरं काय करणार?

मग तिनं मलाच धरलं. 'बडोद्याचं विसरलात?' १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना. पारशी लोकांच्या धर्मशाळेत गेले. तिथला माणूस म्हणाला, फक्त पारशांना मुभा आहे, वहीत नाव लिहावं लागतं. बाबासाहेबांनी पारशी नाव घ्यायचं कबूल केलं आणि ते वहीत चढलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशांचा जमाव दारात. 'त्यांनी पण वहीत दुसरं नाव घातलं होतं. मग मला का बोलता?'

मी म्हटलं, पण पुढे त्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहून जगाला सांगितलं.

'पुढे ना? मग मला आधी पास तर होऊ द्या.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तुमच्यापैकी कुणी पुण्यात खोली शोधताना नुसतं 'पाटील सरांचा विद्यार्थी' एवढंच सांगितलं असेल, कुणी फोनवर आडनाव खाल्लं असेल. मी कुणाचा हिशेब मागायला उभा नाही. १९२५ साली याच सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेनं आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. तिथल्या मुलांना नाव सांगायची भीती नव्हती, कारण ते घरच आपलं होतं. पीजी आपलं घर नाही. तिथं भाडं भरून सुद्धा वही असते.

त्या संध्याकाळी लेकीनं मला एजिपुराच्या बाजूला नेलं. जवळच आहे. तिथे गरिबांसाठीची सरकारी घरं होती. जानेवारी २०१३ मध्ये बुलडोझर लावून हजारावर कुटुंबं बाहेर काढली, त्यात आपले लोक खूप. तिच्या फील्डवर्कमध्ये त्यातल्या काही बायका आहेत. त्या आजही त्याच भागात, जवळपासच्या घरांत धुणीभांडी करतात. ती त्यांच्याशी तोडक्यामोडक्या कानडीत बोलत होती आणि एकीनं तिला पूर्ण नावानं हाक मारली. आडनावासकट. मी चमकून बघितलं. 'यांना सांगितलंय,' ती हळूच म्हणाली.

आता माझी चूक. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर लेकीची वाट बघत उभा होतो. मालकीणबाईंचा भाऊ सगळं बघतो, तो वॉचमनला कानडीत विचारत होता, उगादीला तू रजा घेतली नाहीस, असं कसं? वॉचमन म्हणाला, 'उगादीची नको साहेब. मला चौदा एप्रिलची द्या. तीन दिवस. गावात मिरवणूक असते.'

मित्रांनो, माझे कान तापले. दोन दिवस हा माणूस मला 'चहा घेता का' विचारत होता आणि मी 'नको' म्हणत होतो. 'सोलापुरात कुठं' हे तो कशासाठी विचारत होता? माझी जात काढायलाच विचारत होता, बरोबर. पण आपला माणूस आहे का, हे बघायला. परमुलखात एकटा माणूस दुसरं काय करणार? मी वहीत एक अक्षर लिहून मालकीणबाईंपासून लपलो असेन नसेन, त्याच्यापासून मात्र नक्की लपलो. माझी लेक वर्षभर त्याच गेटमधून ये-जा करते. दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही.

तो साहेब गेल्यावर मी जवळ गेलो. म्हटलं, 'बुधवार पेठ.' त्याला आधी कळेना. मग कळलं. खुर्चीवरून उठला, 'जय भीम' म्हणाला, पण एकदम हळू, आतल्या खोलीत ऐकू जाईल म्हणून. मीही हळूच म्हटलं. मग चहा आला. कलबुर्गीचं बुद्धविहार बघितलं का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोनदा. त्यानं मोबाईलमध्ये नातवाचा फोटो दाखवला, निळा फेटा बांधलेला. लेक खाली आली तेव्हा आम्ही आळंदच्या स्टँडवरच्या कँटीनबद्दल बोलत होतो. तिनं दोघांकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही.

चौथ्या दिवशी निघताना वहीत बाहेर जायची वेळ लिहायची होती. मी वेळ लिहिली. नावाला हात लावला नाही. तिथे राहायचं तिला आहे, मला नाही.

सुकटाचा उरलेला डबा मी वॉचमनच्या खोलीत ठेवला. रात्री गेट बंद झालं की लेक पाच मिनिटं खाली येते आणि त्याच्या टेबलावर दोघं भाकरी खातात. वही बाजूला सरकवून. परवा फोन आला, डबा संपलाय, पाठवा. बायकोनं या खेपेला मोठा डबा काढलाय.