गुंठ्याचे घर आणि गावाचे शेत



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनसवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय घेतला जमिनीचा. ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांत मी गेली तीस वर्षे कामगारांत वावरतो आहे, आणि अलीकडे आमच्या युनियनच्या कचेरीत पगाराच्या पावत्यांपेक्षा सातबाराचे उतारेच जास्त येऊ लागले आहेत. मी नगररचनाकार नव्हे, शेतीतज्ज्ञही नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन कचेरीतल्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा पांडित्याची अपेक्षा न धरता आपण माझे म्हणणे ऐकावे.

कामगाराला शहरात घर परवडत नाही, येथून ही गोष्ट सुरू होते. कारखाना बंद पडतो, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून काही लाख रुपये हाती येतात. त्या पैशांत शहरात न्हाणीघरही येत नाही. मग रस्त्याच्या कडेला फलक दिसतो : ‘गुंठ्याचे प्लॉट, सुलभ हप्ते.’ भाताच्या खाचरात चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. दलाल गोड बोलतो, चहा पाजतो, आणि आयुष्याची पुंजी एका गुंठ्यात जाते. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. असे 40 गुंठे मिळून एक एकर.

त्या माणसाच्या हाती येते काय? आपल्याकडे 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. बैलजोडी वळणार नाही इतके लहान तुकडे शेताचे पडू नयेत, हा त्याचा हेतू. 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ही किमान मर्यादा जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे अशी ठरली. शिवाय 1948 च्या कुळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे एक गुंठा शेत म्हणून सरळ मार्गाने विकता येत नाही. मग वाकडा मार्ग निघतो. कोठे दहा जणांची नावे एकाच सातबारावर सामायिक चढतात, पण कोणाचा तुकडा कोणता ते कोणत्याच नकाशात नसते. कोठे खरेदीखतही नसते, नुसते साठेखत किंवा मुद्रांकावरचे नोटरीचे कागद. रेखांकन मंजूर नाही, म्हणून रस्ता नाही. रस्ता नाही म्हणून गटार नाही. आणि कागद पक्का नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही. कामगाराने घर घेतले असे आपण म्हणतो. खरे तर त्याने एक दावा विकत घेतलेला असतो.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. 2001 साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि त्या वर्षाच्या 1 जानेवारीपर्यंतचे भूखंड नियमित करण्याची सोय झाली. पुढे 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकली. तुकडेबंदीचेही तसेच. तुकडा नियमित करण्यासाठी बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरावी लागे, ती 2024 मध्ये 5 टक्के झाली, आणि 2025 मध्ये निवासी विभागांतले जुने तुकडे विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय झाला. जे राहतात, फसले, त्यांना दिलासा मिळालाच पाहिजे. त्यांच्या बाजूने मी स्वतः मोर्चे काढले आहेत. पण दर वेळी माफी मिळते ती कोणाला, हे पाहा. घेणारा अर्जाच्या रांगेत उभा राहतो. कापून विकणारा तोवर पुढच्या गावात चुना टाकत असतो, आणि गिऱ्हाइकाला सांगत असतो, ‘काळजी करू नका, तारीख पुढे जातेच.’

आता जमिनीकडे वळू. आपल्या कोकणपट्टीतले जुने गाव डोळ्यांसमोर आणा. घरे कोठे आहेत? उंचवट्यावर, मुरमाड जागेवर. त्याच्या भोवती वरकस, खाली सखल भागात भाताची खाचरे, आणि त्याच्याही पलीकडे, खाडीच्या तोंडाशी, खारबंदिस्ती. मातीचा बांध घालून भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे आणि उघाडीतून ओहोटीच्या वेळी पावसाचे पाणी बाहेर सोडायचे, अशी ती व्यवस्था. पूर्वजांनी ही रचना पुस्तक वाचून केली नव्हती. पाणी कोठे उतरते ते पाहिले आणि पाण्याची जागा पाण्याला ठेवली. दलालाचे गणित याच्या नेमके उलट. त्याला सपाट, रस्त्यालगतची आणि स्वस्त जमीन हवी. ती म्हणजे खाचर. तेथे तो तीन फूट भराव टाकतो आणि प्लॉट पाडतो.

याचा हिशेब मी कामगारांना फळ्यावर मांडून दाखवतो. एका एकराच्या खाचरात बांधाआड अर्धा फूट पाणी उभे राहिले, तर ते सहा लाख लिटरांहून अधिक होते. भराव पडला की हे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या शेतात जाते, नाही तर ज्याने भराव कमी टाकला त्याच्या घरात जाते. आणि भराव कमी कोणाचा? ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याचा.

वसईचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. केळी, पानवेली, फुले आणि भाजी यांची ही भूमी. तो हरित पट्टा राहावा म्हणून 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने लोक रस्त्यावर आले. तरीही शहर पसरत गेले. 2018 च्या जुलैमध्ये वसई, नालासोपारा, विरार येथे पाणी तुंबले, रेल्वे थांबली, मिठागरांत मजूर अडकून पडले. पाऊस मोठा होता, हे खरे. पण पाऊस मोठा पडणार हे कोकणात नवे नाही. पाण्याची वाट बुजवणे हे नवे आहे.

कोणी म्हणेल, पाणथळीसाठी कायदे आहेत. आहेत. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर मनाई केली. ठाण्याच्या खाडीचा सुमारे साडेसहा हजार हेक्टरांचा भाग 2022 मध्ये रामसर यादीत गेला. पण 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातखाचरे आणि मिठागरे वगळलेली आहेत. म्हणजे ज्या खाचरात चार महिने पाणी उभे असते, बगळे उतरतात, खेकडे सापडतात, ते नियमाच्या लेखी पाणथळ नव्हे. आणि बांधाला खांड पडून खारे पाणी शिरले व पीक गेले, की दलालाच्या लेखी ते शेतही नव्हे. दोन्हीकडून निराधार झालेली जमीन सर्वांत आधी विकली जाते.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. महाराष्ट्रात 1970-71 साली सरासरी वहिवाटीची जमीन 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टरांवर आली. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, उत्पन्न घटले. एकराने विकून जे मिळते त्याहून कितीतरी अधिक गुंठ्याने मिळते. मुलीचे लग्न, मुलाची फी अडलेली असताना त्याने भाताचे तत्त्वज्ञान सांगत बसावे काय? अडलेला शेतकरी आणि अडलेला कामगार समोरासमोर उभे आहेत, आणि मधला तिसरा दोघांच्या अडचणीवर आपला नफा काढतो आहे. घर आणि शेत यांचे भांडण आहे असे आपल्याला सांगितले जाते. माझे म्हणणे असे, की भांडण या दोघांचे नाही. दोघांचेही भांडण एकेकट्याने पाडलेल्या तुकड्याशी आहे.

यावर कामगारांनी स्वतः शोधलेले एक उत्तर आहे. ज्या गोदावरी परुळेकरांनी 1945 पासून आमच्या ठाणे जिल्ह्यात वारल्यांचा लढा उभारला, त्यांच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची वसाहत सोलापूरजवळ कुंभारी येथे उभी आहे. नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांची ‘रे नगर’ वसाहत झाली. पहिल्या 15,000 घरांचे लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झाले. जमीन तेथेही लागली. पण किती? सुमारे साडेतीनशे एकर, रस्ते आणि सोयी धरून. हीच 30,000 कुटुंबे एकेक गुंठा घेत बसली असती, तर रस्ते सोडूनच साडेसातशे एकर गेले असते. म्हणजे एकत्र आल्याने चारशे एकर रान वाचले. शिवाय कागद पक्का, अनुदान मिळाले, आणि नळ व गटार यांसाठी दाराशी भांडण्याची ताकद आली. जे काम कामगार पगारवाढीसाठी करतो तेच येथे केले : एकट्याने सौदा केला नाही.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. पहिले, घरे वरकसावर आणि गावठाणालगत व्हावीत, खाचरात नव्हे. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरांच्या आतल्या जमिनींना बिनशेतीची सवलत कायद्यात आहेच. ती आधी वापरा, आणि तिच्यातूनही ओहोळ आणि खाचर वगळा. दुसरे, घरे सहकारी संस्थेने, एका रेखांकनात, दाटीने बांधावीत आणि उरलेले शेत अखंड सोडावे. तिसरे, खारबंदिस्तीचा बांध आणि उघाडी यांच्या देखभालीत नव्या वस्तीनेही वर्गणी द्यावी. बांध फुटला तर पाणी शेतकरी आणि बिगरशेतकरी असा भेद करीत नाही. चौथे, माफीची तारीख एकदा काय ती ठरवा, आणि पुढे गुन्हा दाखल करायचा तो राहणाऱ्यावर नव्हे, कापून विकणाऱ्यावर. गोव्याने 2023 साली कायदा करून भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घातले. इच्छा असेल तर काय करता येते, ते शेजाऱ्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

आपल्यापैकी पुष्कळजण निवृत्तीला आले असतील, कोणाच्या मनात गावाकडे छोटेसे घर असेल. ते जरूर बांधा. फक्त पैसे देण्याआधी एकदा आषाढात ती जागा पाहून या. चुन्याच्या रेघा उन्हाळ्यात दिसतात. जमिनीचा खरा नकाशा पावसात दिसतो. आणि एकटे जाऊ नका, चार शेजारी बरोबर न्या.