थंड पाण्याचं गाव


जर्मनीत, बव्हेरिया प्रांतात, एक छोटंसं गाव आहे...
बाड व्योरिसहोफेन.
इथलं औषध काय? साधं थंड पाणी!

सेबास्टियन क्नाइप हे इथले धर्मगुरू.
तरुणपणी ते क्षयानं आजारी होते.
भर हिवाळ्यात ते डॅन्यूब नदीत क्षणभर बुडी मारत...
आणि लगेच धावत घरी परतत.
याच पाण्यानं आपण बरे झालो, अशी त्यांची खात्री होती.

1886 मध्ये त्यांचं जलोपचारावरचं पुस्तक निघालं.
मग या खेड्यात दूरदूरून रुग्ण येऊ लागले.

आजही इथं उद्यानात थंड पाण्याचे हौद आहेत.
माणसं त्यात बगळ्यासारखी एकेक पाय उचलत चालतात.
जवळच गुलाबांची सुंदर बाग आहे.
मठात क्नाइप यांचं संग्रहालय आहे... ते जरूर पाहावं.

आणि हो, हौदातून बाहेर आल्यावर पाय टॉवेलनं पुसायचे नाहीत.
हातानंच पाणी निपटायचं...
आणि अंगात ऊब येईपर्यंत चालायचं.