गुडघ्यातले इंजेक्शन : घाई नको
(समाजाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणपती जवळ आले की पथकांचा सराव सुरू होतो, आणि सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसणाऱ्या आम्हा मंडळींना एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "काका, गुडघा महिनोन्‌महिने दुखतोय. एक इंजेक्शन घेतलं की विसर्जनापर्यंत भागेल ना?" विचारणारा असतो पंचवीस-तिशीतला.

हे इंजेक्शन बहुधा स्टेरॉइडचे असते. 1951 साली अमेरिकेत डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत रुळली. त्याने सूज उतरते, दुखणे काही आठवडे दबते. आमवाताने सुजलेल्या गुडघ्याला त्याचा खरा उपयोग आहे. पण त्याने झीज भरून येत नाही, की फाटलेले लिगामेंट सांधत नाही.

2017 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याची झीज झालेल्या 140 रुग्णांना 2 वर्षे, दर 3 महिन्यांनी, काहींना स्टेरॉइड आणि काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले. दुखण्यात विशेष फरक दिसला नाही. उलट स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली. ते रुग्ण वयस्कर होते. पण ज्याला हाच गुडघा अजून पन्नास वर्षे वापरायचा आहे, त्याने तर वारंवार टोचून घेण्याआधी दहादा विचार करावा.

आपल्याच रक्तातून काढलेल्या 'पीआरपी'चाही हल्ली बोलबाला आहे. 2021 साली ऑस्ट्रेलियात झीज झालेल्या 288 रुग्णांवरचा अभ्यास आला. वर्षभरानंतर त्यांचे दुखणेही मिठाच्या पाण्यापेक्षा फारसे कमी झाले नव्हते. खर्च मात्र हजारांत.

तरुणांचे दुखणे पुष्कळदा वाटीच्या मागे किंवा भोवती असते. जिना उतरताना, उकिडवे बसताना ते जाणवते. त्यावर मुख्य उपाय म्हणजे मांडीच्या आणि कमरेखालच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, तोही फिजिओथेरपिस्टकडून शिकून, निदान 6 ते 12 आठवडे. तो नेटाने करणारे थोडे, म्हणून सुईची ओढ जास्त.

गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल किंवा सुजत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांनी इंजेक्शन सुचवलेच तर तीन गोष्टी विचारा : निदान काय, औषध कोणते, आणि पुढे व्यायाम कोणता? मधुमेह असेल तर आधी सांगा. स्टेरॉइडने साखर काही दिवस वाढते. इंजेक्शननंतर ताप आला, गुडघा लाल होऊन सुजला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि पथकप्रमुखांना विनंती : ज्याचा गुडघा दुखतो, त्याच्या कमरेचा ढोल यंदा उतरवा, हातात झांज द्या. मिरवणुकीत तो असेलच, आणि पुढच्या वर्षी ढोलही वाजवेल.

गणपती बाप्पा मोरया!